ठिपक्यांची बाग

तरुणपणी मी एकदा ठिपक्यांच्या रांगोळीवर बाग लावली. अंगणभर पांढरे ठिपके दिले, हातहातभर अंतर सोडून, ओळीला ओळ, आणि दर ठिपक्यावर एकेक रोप. आंबा, जांभूळ, चिंच, पेरू, बदाम, सीताफळ आणि फाटकाजवळच्या कोपऱ्यात एक बेल. रोपं तेलाच्या डब्यांतून आलेली, म्हणून ठिपकाही मी डब्याच्या बुडाएवढाच दिला. चिंच मोठी झाली की केवढी होते हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझं सगळं लहानपण एका चिंचेखालीच गेलेलं. पण रांगोळी इतकी देखणी जमली होती की मी त्या चिंचेला मनातल्या मनात वाढूच दिलं नाही.

हे अंगण आमच्या नांदूरघाटच्या बाजारातल्या एका किराणा दुकानदाराचं. मी तेव्हा नुकतीच रोपं विकायला लागले होते आणि स्वतःला फार शहाणी समजत होते. त्या घरची नवी सून रांगोळीची डबी धरून माझ्या मागे मागे फिरत होती. तिची सासू ओट्यावर बसून बघत होती. तिनं एकदाच विचारलं, "एवढी दाटी कावून गं?"

मी म्हटलं, "वळी कशा सरळ दिसतात बघा की."

त्या काळी मला कुणी काहीही विचारलं तरी उत्तर तयार असायचं. अक्कल मागाहून यायची, बैलगाडीनं.

पहिली दोन-तीन वर्षं लोक ते अंगण बघायला यायचे. मग झाडांनी एकमेकांना कोपर मारायला सुरुवात केली. चिंच जांभळाच्या खांद्यावर चढली, बदाम आंब्याच्या तोंडावर आला, सीताफळ तर कुठं गेलं ते कुणाला कळलंच नाही. घरात भरदिवसा दिवा लावायची पाळी आली. भिंतीला तडा गेला, त्या तड्यात साप निघाला, आणि एक दिवस कुऱ्हाडी आल्या. सगळं गेलं. राहिला एकटा बेल, कारण महादेवाच्या झाडावर कुऱ्हाड घालायला त्या घरातलं कुणी तयार होईना. दरवर्षी कपिलधारच्या यात्रेला जाणारी लिंगायत माणसं ती. उजेड शोधता शोधता बेल बिचारा फाटकाकडे वाकला होता, तो तसाच वाकडा राहिला.

सासूबाई नंतर दुकानात येणाऱ्या बायकांना सांगायच्या, "त्या रोपवालीला दिवाळीला बोलवा, रांगोळी झकास काढती. झाडं लावायला नका बोलवू."

तेव्हापासून मी त्या गल्लीनं जाणं सोडलं. गूळ आणायला लांबचा वळसा घालून दुसऱ्या दुकानात जायची. गूळ तिथला काळा आणि मातकट असायचा, पण खायची. अब्रूला गुळापेक्षा जास्त जपावं लागतं, असं मला वाटायचं.

आता आमच्या रोपवाटिकेच्या शेडमध्ये माझी नात लॅपटॉप घेऊन बसते. शहरात बागकामाचं शिक्षण घेऊन आली, आणि गिऱ्हाइकाला आधी बाग दाखवते, मग लावते. हे मला पहिल्यांदा कळलंच नव्हतं. न लावलेली बाग कशी दाखवणार? मी आयुष्यभर काय केलं, तर गिऱ्हाइकाच्या अंगणात मधोमध उभी राहिले, दोन्ही हात पसरले आणि म्हटलं, "असं समजा की मी आंबा हाय." लोक माझ्याकडे बघायचे, आंब्याकडे नाही. मोगरा दाखवायला मी खाली बसायची. बांबू दाखवायला एकदा स्टुलावर चढले आणि पडले.

नात अंगणाचे फोटो काढते, टेपनं मापं घेते, आणि तेच अंगण जसंच्या तसं स्क्रीनवर उभं करते. तीच भिंत, तोच ओटा, कोपऱ्यातली पाण्याची टाकीसुद्धा. मग त्यात झाडं ठेवते. उचलते, हलवते, परत ठेवते. आत्ताचं झाड दाखवते, पाच वर्षांनंतरचं दाखवते. गेवराईजवळच्या हायवेवरच्या एका हॉटेलाची बाग तिनं अशीच केली. मालकाला चित्र दाखवलं आणि वर्षभरानं त्याच जागेवरून फोटो काढून चित्राशेजारी ठेवला. मी चष्मा पुसून पुसून दोन्ही पाहिलं. खरा कुठला आणि चित्र कुठलं, हे मला विचारावं लागलं.

तिला मी एकदा म्हटलं, "बाई, मी चाळीस वर्षं हात पसरून उभी राहिले, आन् तू खुर्चीत बसून अख्खी आमराई उभी करतीस."

ती म्हणाली, "आजी, पण हात पसरलेली तू चित्रात असतीस तर गिऱ्हाईक जास्त आलं असतं."

माझीच नात. दुसरं काय बोलणार.

ते गेवराईचं हॉटेल बघून एका माणसाचा तिला फोन आला. घराची पुढची बाजू नव्यानं बांधलीय, गाडी घेतलीय, अंगण नीट करायचंय, हॉटेलासारखी हिरवळ आणि पाम पाहिजेत. आणि फाटकाजवळ एक जुना वाकडा बेल आहे, तो काढायचाय. नातीनं पत्ता सांगितला तसा मी तिला तो दोनदा सांगायला लावला. रांगोळीची डबी धरून माझ्या मागे फिरणाऱ्या त्या सुनेचा हा मुलगा.

मी नातीला काही बोलले नाही. नुसतं म्हटलं, "टेपचं दुसरं टोक धरायला मी येते."

डोक्यावरून पदर चांगला कपाळापर्यंत ओढून मी त्या गल्लीत शिरले. बेलाखाली प्लास्टिकच्या खुर्चीवर एक बाई परातीत तांदूळ निवडत बसली होती. केस पांढरे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. तीच ती सून; आता घरात सगळे तिला अक्का म्हणतात. मी टेपचं टोक धरून तिच्याकडे पाठ करून उभी राहिले.

मागून आवाज आला, "पदर कितीबी वढ. चालीवरून वळखलं. रांगोळीवाली ना तू?"

मी वळले. म्हटलं, "न्हाई बाई, तिची धाकटी बहीण."

"बहिनीचे दात तरी तोंडात ऱ्हायलेत का?"

"अर्धे हायत."

"माजे तेवढेबी न्हाईत. बस." तिनं खुर्ची सोडली नाही, पायानं एक पाट माझ्याकडे सारला. मी बसले. इतक्या वर्षांचा वळसा एका पाटावर संपला याचं मला जरा वाईटच वाटलं. चांगला गूळ खायला मिळाला असता.

तिकडे तिचा मुलगा नातीला सांगत होता. माणूस सरळ होता, आवाज चढवून बोलणारा नव्हता. "हा बेल फाटकाच्या बरोबर तोंडावर आलाय. गाडी वळत नाही. मागच्या उन्हाळ्यात एक बेलफळ टपावर पडलं, हा बघा खड्डा. देवाचं झाड आहे हे मला कळतं. पूजा करून काढता येतं, विचारून घेतलंय मी."

अक्का तांदळातले खडे बघत होती. हळूच मला म्हणाली, "सासू बोलली की मी ह्याच्याखाली येऊन बसायची. तिला वाटायचं, सून पूजेची पानं तोडती. आता सासू न्हाई, मालक न्हाई. ह्यो बेल तेवढा हाय. पोरगं वाईट न्हाई गं. त्याला ह्यो दिसत न्हाई, निसती गाडी दिसती."

"मग सांग ना त्याला."

"सांगितलं एकदा. दुसऱ्यांदा सांगितलं तर म्हातारी हट्टी ठरती. घर त्याचं, गाडी त्याची." तिनं एक खडा उचलून लांब फेकला. "निसतं माज्या डोळ्यादेखत नको एवढंच. तोडायच्या दिवशी मला लेकीकडं पाठवा म्हनलं."

मीही तिच्या परातीत हात घातला. झाड चुकीच्या जागी माझ्यामुळे होतं. योग्य जागी असतं तर आज त्याच्यावर ही वेळच आली नसती. हे मला आणि अक्काला दोघींनाही ठाऊक होतं, आणि दोघीही तांदूळ निवडत राहिलो.

नातीनं आधी मुलानं सांगितलं तसंच चित्र केलं. दहा-बारा दिवसांनी आम्ही ते दाखवायला गेलो. नवं फाटक, गाडी, हिरवीगार हिरवळ, कडेनं पाम. बेल नाही. त्या जागी हॅट घातलेली एक गोरी बाई हसत उभी होती.

अक्कानं वाकून स्क्रीन पाहिला. "ही कोन?"

"अशीच, आजी," नात म्हणाली. "सॉफ्टवेअरमध्ये तयार माणसं असतात. अंगण केवढं आहे ते कळावं म्हणून एखादं ठेवतात."

"माज्या जागंवर उभी हाय."

मुलानं चित्र पुढं मागं करून पाहिलं आणि म्हणाला, "मस्त झालंय. हेच करू."

नात म्हणाली, "करू. फक्त मी आणखी एक करून आणते. दोन्ही बघा, मग सांगा."

परत येताना मी तिला माझ्या अनुभवाचा सल्ला दिला. म्हटलं, "आता असं कर. ह्या चित्रातली हिरवळ जरा वाळकी कर. आन् दुसऱ्या चित्रात बेल असा डेरेदार कर, की बघनारा हात जोडील. तुझ्या त्या यंत्राला काय कळतंय."

ती म्हणाली, "यंत्राला नाही कळत, अंगणाला कळतं. तुझ्या ठिपक्यांचं काय झालं?"

म्हणजे ती टेप गुंडाळत होती तेव्हाच अक्कानं तिला सगळं सांगून टाकलं होतं. सापासकट.

त्यानंतर मी तिला काम करताना जे पाहिलं ते मला अजून कुणाला तरी सांगावंसं वाटतं. सॉफ्टवेअरमध्ये झाडांचा मोठा साठा असतो, देशोदेशीची झाडं. बेल मात्र त्यात नव्हता. दुसरी कुणी असती तर त्यातल्या त्यात जवळचं एखादं झाड ठेवून मोकळी झाली असती. नात पुन्हा त्या अंगणात गेली आणि बेलाचे चारी बाजूंनी फोटो काढून आणले. खोडाचे वेगळे, फांद्यांचे वेगळे, पानांचे वेगळे. मग बसली. एकेक फांदी कापायची, जोडायची, वाकवायची. मी चहा घेऊन गेले तर खोड झालेलं, जेवायला बोलावलं तर अर्धा शेंडा. पान मोठं करून तिनं मला विचारलं, "बरोबर आहे का?" तीन पानांतलं मधलं थोडं पुढं असतं, तेसुद्धा तिनं धरलं होतं. मी चूक काढायची म्हणून फार शोधली. सापडली नाही.

तो वाकही तिनं तसाच ठेवला. मी म्हटलं, "सरळ कर की जरा." ती म्हणाली, "मग तो तो बेल राहत नाही."

ती पाणी प्यायला उठली तेव्हा मी माऊस हातात घेतला. नुसतं बघावं म्हणून. बेल उडाला आणि शेजारच्या घराच्या पत्र्यावर जाऊन उभा राहिला. दिवसभराची तिची मेहनत. ती आली, हसली, आणि दोन बटणं दाबली. बेल परत जागेवर. केलेलं मागं घ्यायची सोय असते त्यात, म्हणाली, कितीही पावलं मागं जाता येतं. मी तिला विचारलं, किती मागं. ती म्हणाली, "तुझ्या रांगोळीपर्यंत नाही, आजी."

मग तिनं ऊन लावलं. हे मला सगळ्यांत नवल वाटलं. गावाची जागा सांगायची, महिना सांगायचा, वेळ सांगायची, की त्या वेळेचं ऊन चित्रात पडतं आणि सावली बरोबर तेवढीच लांब होते, तिकडंच जाते. मी वैशाखातल्या दुपारी त्याच उन्हात रोपांना पाणी घालत आयुष्य काढलं. ते असं बोटानं पुढं मागं सरकताना बघून मला क्षणभर त्या उन्हाचा रागच आला. इतकं ऐकणारं होतं तर मग माझं का नाही ऐकलं?

सावली बघूनच तिला पुढचं सुचलं. फाटक बेलापाशी पश्चिमेच्या टोकाला होतं. ते तिनं चित्रात उचलून पूर्वेच्या टोकाला ठेवलं. तिकडं गाडीला वळायला मोकळी जागा. गाडीही तिकडंच, बेलापासून लांब, म्हणजे फळ टपावर पडायचं नाही. आणि दुपार कलली की बेलाची सावली सरकत सरकत पूर्वेला, नेमकी गाडीवर.

शेवटी तिनं मला विचारलं, "आजी, बेल पानं कधी टाकतो?"

मी फुशारकीनं सांगून टाकलं, "फाल्गुनात. पार बोडका. चैत्रात नवी पालवी."

तिनं ते लिहून घेतलं आणि फाल्गुनाचं चित्र केलं. बोडका बेल, खाली वाळक्या पानांचा सडा, सावलीची नुसती जाळी. माझी जीभ मीच चावली. म्हटलं, "हे कशाला दाखवतीस? हे बघून त्याचं मन फिरंल."

"फिरलं तर फिरलं. पुढच्या फाल्गुनात त्याला हेच दिसणार आहे ना? तेव्हा तो कुऱ्हाड आणेल, आणि मला विचारणारही नाही."

मी वाद घातला नाही असं नाही. बराच घातला. पण तिचं म्हणणं खोडता येईना. मी त्या घरात कायमचा पहिल्या वर्षाचा श्रावण दाखवला होता, आणि त्याचं काय झालं ते भिंतीच्या तड्याला विचारा.

दुसरं चित्र दाखवायला गेलो तेव्हा अक्का स्वयंपाकघरात जाऊन बसली. पीठ मळत होती, पण परातीचा आवाज येत नव्हता. मुलानं आधी फाटक पाहिलं. "असं होऊ शकतं?" नात म्हणाली, "तुमच्या मिस्त्रीला विचारून आलेय. होतं." मग त्यानं गाडी पाहिली, मग ऊन. नातीनं माऊस त्याच्या हातात दिला. तो बारा वाजवायचा, दोन वाजवायचा, चार वाजवायचा, आणि सावली त्याच्या गाडीवर चढत जायची. मग पहिलं चित्र मागून त्याच्यातही चार वाजवले. तिथं गाडी आणि हिरवळ भट्टीत ठेवल्यासारखी पांढरी पडली.

"हिरवळीला पाणी रोज लागणार," नात म्हणाली. "उन्हाळ्यात टँकरवर ठेवावी लागेल. आधीच सांगते."

मग तिनं फाल्गुन दाखवला. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले.

"हे असं दिसणार?" मुलगा म्हणाला.

"वर्षातले काही आठवडे. कचराही होणार, झाडावं लागणार."

त्यानं ते बोडकं झाड मोठं करून पाहिलं. म्हणाला, "दुसऱ्या एकानं मला तीन चित्रं दाखवलेली. तिन्हींत पावसाळाच होता." आणि हसला. मग एकदम स्क्रीनजवळ झुकला. वैशाखाच्या चित्रात, बेलाखाली, प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर परात घेऊन एक बाई बसली होती. हॅटवाली नव्हे. नातीनं पहिल्या दिवशीच्या फोटोतून अक्काला अलगद कापून तिथं ठेवलं होतं. पायाशी माझा पाटही होता. रिकामा.

"आई," त्यानं हाक मारली. "जरा बाहेर ये."

अक्का पिठाच्या हातानं आली. त्यानं तिला काही विचारलं नाही. नुसतं म्हणाला, "मिस्त्रीला सोमवारी बोलावतो. फाटक तिकडं नेऊ." मग नातीकडे वळून, जरा घाईनं, "पण दोन पाम ठेवा. तेवढे पाहिजेत."

दोन पाम राहिले. मला ते झाड कधी आवडलं नाही, ना फळ ना सावली, पाहुण्यासारखं नुसतं उभं. पण मी तोंड बंद ठेवलं. त्या अंगणात तोंड बंद ठेवायची मला चांगलीच लांबलचक शिकवणी मिळाली होती. हिरवळीचा मात्र त्यानं स्वतःच गादीएवढा तुकडा केला.

नात सामान आवरत होती. मी तिच्याकडे बघत होते. हातात ना रांगोळी, ना कुदळ. एक शब्द जोरात बोलली नाही, आईची बाजू घेतली नाही, मुलाला शहाणपण शिकवलं नाही. त्याला दिसत नव्हतं ते दिसेल असं पुढं ठेवलं, वाईट बाजूसकट. मी तिच्या वयाची असताना चांगली बाजूच एवढी मोठी काढायची की वाईटाला जागाच उरायची नाही.

फाटक हललं, अंगण झालं. फाल्गुनात बेल बोडका झाला तेव्हा मी मुद्दाम बघायला गेले. आता सरळ गल्लीनं जाते, गूळही तिथूनच आणते. अक्का बेलाखाली झाडत होती. पाट बाहेरच होता, मी बसले. तिनं झाडू ठेवला, बेलाच्या मुळाला फुटलेलं एक लहान रोप मातीसकट काढलं, तेलाच्या डब्यात घातलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली,

"घे, तुज्याच झाडाचं हाय. पन लावायच्या आदी नातीला इचार कुठं लावू म्हनून. आन् रांगोळीला हात लावू नको."